उभी गाडी उभीच राहावी म्हणून

७ एप्रिल २०१८ची रात्र. ओडिशातल्या टिटलागड स्टेशनात अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेस उभी होती. या स्टेशनात गाडीची दिशा बदलते, त्यामुळे एका टोकाचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. इंजिन सुटलं आणि त्याच्याविना बावीस डबे निघाले. ना शिट्टी, ना इंजिन जोडल्याचा हिसका. आतल्यांपैकी कित्येकांना वाटलं असेल, सुटली एकदाची. गाडी केसिंगाच्या दिशेने बारा-तेरा किलोमीटर गेली. शेवटी कर्मचाऱ्यांनी रुळांवर दगड टाकून ती अडवली. हजारभर प्रवाशांपैकी कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. डब्यांच्या चाकांखाली घालायचे लोखंडी स्किड घातले गेले नव्हते, असं नंतर पुढे आलं.

या प्रकाराला मराठीत धड शब्द नाही. ‘गाडी घसरली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रुळांवरून उतरलेले, कलंडलेले डबे येतात. इथे गाडी रुळांवरच असते, अगदी शहाण्यासारखी. फक्त तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. रेल्वेतली माणसं ‘रोल झाली’ म्हणून मोकळी होतात. मी या लेखापुरतं ‘घरंगळली’ म्हणतो.

गाडी थांबवायची कशी, यावर रेल्वेने दीडशे वर्षांत अमाप डोकं खर्चलं आहे. थांबलेली गाडी थांबलेलीच कशी राहील, हा प्रश्न त्या मानाने सावत्र राहिला. वरवर तो पोरकट वाटतो. दगड लावा चाकाखाली, झालं! ट्रकचा क्लीनर घाटात तेच करायचा.

पण रेल्वेचं चाक ट्रकच्या चाकासारखं नाही. लोखंडावर लोखंड, आणि मध्ये जवळजवळ काही नाही. रेल्वे स्वस्त पडते ती याच गुणामुळे, आणि घरंगळते तीही याच गुणामुळे. हिशेब सोपा आहे. काठोकाठ भरलेली एक वाघीण साधारण ९० टनांची. ४०० मीटरला १ मीटर असा उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्या उतारावर अशा वाघिणीला खाली ओढणारा जोर सव्वादोनशे किलोंचा भरतो. एकदा चाक फिरू लागलं की आजच्या रोलर बेअरिंगचा विरोध टनामागे जेमतेम किलो-दीड किलो, म्हणजे सगळा मिळून शंभर-सव्वाशे किलो. सुरुवातीला बेअरिंग थोडं जास्त अडतं, पण शेजारच्या वाघिणीचा एखादा धक्का त्याला पुरतो. पुढचं काम उतार करतो.

जुन्या वाघिणींची गोष्ट वेगळी होती. त्यांचे आस पितळी बेअरिंगांत, वंगणाच्या डब्यात फिरत. वाघीण काही तास उभी राहिली की वंगण दबून बाहेर जाई आणि धातूला धातू चिकटल्यासारखा होई. तिला हलवायला इंजिनलासुद्धा जोर लावावा लागे. आळस हाच तिचा ब्रेक होता म्हणा. रोलर बेअरिंग आलं तेव्हा कोळसा वाचला, गरम आसांची कटकट संपली, वेग वाढला. सोबत तो फुकटचा ब्रेकही गेला, याची नोंद मात्र कुणी ठळक अक्षरांत केली नाही.

आपल्याकडे स्टेशनच्या आवारातला उतार ४००ला १ याहून तीव्र नसावा आणि जमल्यास १२००ला १ इतका सौम्य असावा, असं जे बंधन आहे त्यामागे हेच गणित आहे. पण सौम्य उतारही पुरतो. ७ जून २०२३ला, बालासोरच्या मोठ्या रेल्वे अपघाताला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, ओडिशातच जाजपूर केऊंझर रोड स्टेशनात वादळी पाऊस आला. शेजारच्या मार्गावर काम करणारे मजूर उभ्या मालगाडीखाली आडोशाला शिरले. गाडीला इंजिन नव्हतं. वादळात ती हलली, आणि सहा मजूर गेले. त्या माणसांच्या लेखी ती मालगाडी म्हणजे एक छप्पर होतं. इंजिन नसलेली गाडी जाणार कुठे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं.

दगडाची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती सगळ्यात जुनी आहे. १२ जून १८८९ला उत्तर आयर्लंडमधल्या अर्मा इथून रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी निघाली. चढावर इंजिनची दमछाक झाली आणि गाडी थांबली. गाडीचे दोन भाग करून पुढचा आधी वर न्यावा, असं ठरलं. मागच्या दहा डब्यांना आधार कशाचा, तर शेवटच्या डब्यातला हँडब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला. एवढ्याशा धक्क्याने दगडांचा चुरा झाला आणि डबे उतरणीला लागले. डब्यांची दारं कुलूपबंद होती. खालून दुसरी गाडी येत होती. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात मुलं फार. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला; गाडी तुटली की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपणहून लागलाच पाहिजे. कायदा चांगला होता आणि त्याने अगणित जीव वाचवले. पण त्यातूनच एक गैरसमजही जन्माला आला. त्याकडे पुढे येतो.

दगडाची जागा लाकडी पाचरेने घेतली, पाचरेच्या जोडीला लोखंडी स्किड आलं. स्किड म्हणजे रुळावर बसणारी एक बूटवजा वस्तू: खाली रुळाच्या माथ्याला धरणाऱ्या दोन कडा, पुढे चाकाखाली सरकणारी पातळ जीभ, मागे चाकाला अडवणारा उंचवटा. चाक जिभेवर चढलं की फिरायचं थांबतं आणि बुटासकट रुळावर फरफटतं. ती फरफट हाच ब्रेक. जर्मन यार्डांमध्ये हे बूट हातात घेऊन वाघिणींच्या वाटेत नेमक्या जागी ठेवणाऱ्या कामगारांची एक जमातच होती. आपल्याकडे हम्प यार्डात, म्हणजे टेकाडावरून वाघिणी सोडून त्यांची वर्गवारी करण्याच्या यार्डात, हेच काम चाले. काळोखात, पावसात, हाताशी फक्त कंदील घेऊन हे लोक धावत्या वाघिणीच्या पुढ्यात वाकत. आता मालगाड्या बहुतेक करून अख्ख्याच्या अख्ख्या एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, त्यामुळे ती यार्डं ओस पडली आणि ती कला जवळजवळ गेली. गेली ते बरंच झालं. त्या कामात बोटं आणि हात फार जात.

स्किडची एक खोड आहे. ते उभ्या गाडीला धरतं, भरधाव गाडीला क्वचितच. वेगात आलेलं चाक त्याला उडवून लावतं किंवा त्याच्यावर चढून रूळ सोडतं. दुसरी खोड माणसाची: लावलेलं काढायला विसरणं. स्किड किंवा साखळी तशीच ठेवून गाडी ओढली की पहिलंच चाक खाली उतरतं. म्हणून अनेक ठिकाणी साखळी लागते ती कुलपासकट. चाकाच्या आऱ्यांतून किंवा बोगीतून काढून रुळाला वेढा घातलेली जाड साखळी, तिला पितळी कुलूप, आणि किल्ली स्टेशन मास्तरांकडे. हेतू असा की किल्ली मागितल्याशिवाय गाडी हलू नये, आणि किल्ली मागितली की मास्तरांना आठवण व्हावी. एका आडमार्गावरच्या स्टेशनात मी अशी साखळी जवळून पाहिली आहे. खडीच्या वाघिणींची रांग फलाटाच्या पलीकडल्या मार्गावर आठवडाभर उभी होती. साखळीवर गंज, कुलपावर तेलाचा नवा हात. पॉइंट्समनने पायाने साखळी हलवून दाखवली. वितीएवढी ढील होती.

‘‘ढील पाहिजेच का?’’ मी विचारलं.

‘‘नको. पण ताणून बसली तर कुलूप निघत नाही मग,’’ तो म्हणाला.

वीतभर ढील म्हणजे वाघिणीला वीतभर धावायची मुभा, आणि तेवढ्यात तिला येणारा हिसका साखळीने सोसायचा. त्या स्टेशनात उतार नावालाच होता, म्हणून चालून जात होतं.

पाचर, स्किड, साखळी या बाहेरून लावायच्या गोष्टी. वाघिणीच्या अंगात असतो तो हँडब्रेक. बाजूला एक गोल चाक, ते फिरवलं की दांडे आणि साखळ्या ताणल्या जाऊन ब्रेकचे ठोकळे चाकांना भिडतात. तो किती घट्ट लागेल हे ते फिरवणाऱ्याच्या दंडावर, दांड्यांच्या झिजेवर आणि त्या वेळच्या त्याच्या घाईवर ठरतं. बाहेरून पाहिलं तर घट्ट लागलेला आणि अर्धवट लागलेला ब्रेक सारखाच दिसतो. एका वाघिणीचा हँडब्रेक लावायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. साठ वाघिणींची गाडी पाऊण किलोमीटर लांब असते. मध्यरात्री, खडीवरून चालत, ड्युटीचे तास संपत आलेले असताना किती हँडब्रेक लावले जातील? म्हणूनच नियम दोन्ही टोकांकडच्या ठराविक वाघिणींपुरते असतात, आणि म्हणूनच ‘ठराविक’ म्हणजे किती यावर सगळ्या जगात वाद आहे.

आता तो गैरसमज. एअर ब्रेक हा गाडी थांबवायचा ब्रेक आहे, धरून ठेवायचा नाही. गाडीभर एक नळी जाते, तिच्यात आपल्याकडे प्रति चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा असते. हा दाब उतरला की प्रत्येक वाघिणीतली टाकी आपली साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरात सोडते आणि ठोकळे आवळले जातात. म्हणजे गाडी तुटली तर ब्रेक आपोआप लागतो; अर्मानंतर सगळ्यांना हवा होता तो हाच गुण. पण ठोकळे आवळून धरते ती सिलिंडरातली कोंडलेली हवा. रबरी वॉशरमधून, सांध्यांमधून ती हळूहळू निसटते. कुठे तासाभरात, कुठे दिवसभरात. इंजिन चालू असेपर्यंत काँप्रेसर इंजिनच्या ब्रेकचा हवेचा तोटा भरून काढत राहतो. इंजिन बंद झालं की उरलेली हवा किती वेळ टिकेल, याचीच काय ती वाट पाहायची.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात लाक-मेगांतिक या गावी हे घडलं. ५ जुलै २०१३च्या रात्री ७२ टाक्या कच्चं तेल घेऊन जाणारी गाडी शेजारच्या नाँत इथे मुख्य मार्गावर उभी करण्यात आली. गाडीचं वजन नऊ हजार टनांच्या वर, उतार साधारण शंभराला एक. चालक एकटाच. त्याने सात हँडब्रेक लावले, पाचही इंजिनांचे आणि दोन जोडवाहनांचे. तेलाच्या एकाही टाकीचा नाही. मग नियमाप्रमाणे ब्रेक धरतात का ते तपासलं, पण तपासताना इंजिनचा हवेचा ब्रेक सोडला नाही. गाडी हलली नाही. हललीच नसती; तिला हवा धरून होती, आणि श्रेय मिळालं हँडब्रेकांना.

तो हॉटेलात झोपायला गेल्यावर इंजिनातून ज्वाळा निघाल्या. अग्निशमनवाल्यांनी आग विझवली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने जे करायला हवं तेच केलं. हवा गळू लागली. रात्री एकच्या सुमारास गाडी निघाली, अकरा-बारा किलोमीटर उतरून ताशी १००हून अधिक वेगाने गावाच्या मध्यभागी शिरली आणि ६३ टाक्या रूळ सोडून आडव्या झाल्या. सुमारे ६० लाख लिटर तेल सांडलं, पेटलं. ४७ माणसं गेली. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४मध्ये अहवाल दिला, त्यात कारणं आणि हातभार लावणाऱ्या गोष्टी मिळून १८ बाबी मोजल्या. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: त्या जागी ती गाडी धरून ठेवायला किमान १७, आणि कदाचित २६ हँडब्रेक लागले असते. लावले होते सात.

अपघातानंतर चालकाला नावं ठेवणं सोपं होतं आणि ठेवलीही गेली. तो आणि आणखी दोघे खटल्यातून २०१८मध्ये निर्दोष सुटले. मला त्याच्या सातच्या आकड्यापेक्षा त्याची तपासणी जास्त महत्त्वाची वाटते. ब्रेक लावले की नाही हा प्रश्न नव्हता. कशाच्या बळावर गाडी उभी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि ते कळावं अशी एकही खूण त्या गाडीवर नव्हती.

आणि हा धडा पुरता शिकला गेला का? ४ फेब्रुवारी २०१९ला, कॅनडाच्याच रॉकी पर्वतात फील्ड गावाजवळ, धान्याची मालगाडी तीव्र उतारावर आणीबाणीचे ब्रेक लावून उभी होती. तापमान उणे २८. थंडीत रबर आकसतं, हवा जास्त गळते. हँडब्रेक लावलेले नव्हते. चालकांची पाळी बदलली आणि थोड्या वेळात गाडी आपणहून निघाली. त्या गाडीवरचे तिघेही कर्मचारी गेले. चार दिवसांनी सरकारने फर्मान काढलं की डोंगरउतारावर आणीबाणीचे ब्रेक लावून थांबलेल्या गाडीला हँडब्रेक लावलेच पाहिजेत. सुरक्षा मंडळाने २०२२च्या अहवालात त्यापुढे जाऊन सांगितलं की मालवाघिणींना आपोआप लागणारे पार्किंग ब्रेक बसवा.

असे ब्रेक आहेत. ट्रकला तर कधीचे आहेत: त्यात स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते, त्यामुळे हवा संपली की ब्रेक घट्ट होतो. आपल्या डब्ल्यूएजी-९सारख्या विजेच्या इंजिनांनाही स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असतो. वाघिणींसाठी दुसरी एक युक्ती निघाली आहे. ब्रेकच्या सिलिंडरातला दट्ट्या बाहेर आला आणि नळीतली हवा गेली की एक खिट्टी त्याला तिथेच अडकवून ठेवते, मग सिलिंडरातली हवा गळो की राहो. मग अडलं कुठे? जगभरच्या लाखो वाघिणींना ते बसवायचं म्हणजे अफाट खर्च. शिवाय यार्डात हवेशिवाय वाघिणी इकडून तिकडे ढकलायची जी सोय आहे ती जाते, आणि यार्डातली माणसं त्या सोयीवर जगतात.

आपल्याकडचं अलीकडचं प्रकरण कठुआचं. २५ फेब्रुवारी २०२४च्या रविवारी सकाळी जम्मूतल्या कठुआ स्टेशनातून खडीने भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघाली. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातल्या उंची बस्सीला ती अडवली तोवर ७०हून अधिक किलोमीटर झाले होते. वाटेतली फाटकं बंद ठेवली गेली, कुणी दगावलं नाही. अडवली कशाने? लाकडी ओंडके आणि वाळूच्या गोण्यांनी. अर्मापासून सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली, पण शेवटी हाताशी आली ती वाळू, लाकूड आणि चढ. २०१७मध्ये कर्नाटकातल्या वाडी इथे मुंबईकडे येणाऱ्या मेलचं विजेचं इंजिन बदलताना ते एकटंच निघालं होतं. तेव्हा एका कर्मचाऱ्याने मोटारसायकलवरून तेरा किलोमीटर पाठलाग करून नालवारजवळ त्यात उडी मारली. बातम्यांनी त्याला सिनेमा म्हटलं. सिनेमात तरी दुसरा टेक मिळतो.

आतापर्यंतच्या सगळ्या साधनांत एक माणूस मध्ये आहे: त्याने लावायचं, त्याने तपासायचं, त्याने आठवणीने काढायचं. ज्यात माणसाने काही न करणं हीच सुरक्षित बाजू असते अशी साधनं थोडी आहेत, आणि माझा कौल त्यांना आहे. गंमत अशी की ती गाडीला धरत नाहीत, पाडतात. सायडिंग जिथे मुख्य मार्गाला मिळते तिथे रूळ मुद्दाम तुटका ठेवतात; परवानगी मिळाली, सांधा फिरला, तरच तो जुळतो. न विचारता निघालेली वाघीण तिथे खडीत रुतून बसते. अमेरिकेत त्याऐवजी रुळावर बिजागरीचा लोखंडी ठोकळा टाकतात, चाक त्यावर चढून बाहेर पडतं. नाँतच्या त्या स्टेशनात सायडिंगवर असं साधन होतं. तेलाची गाडी मात्र मुख्य मार्गावर होती, आणि मुख्य मार्ग कोण तोडून ठेवणार?

घाटांत मुख्य मार्गच तोडून ठेवतात. आपल्या रेल्वेचा नियम असा: स्टेशनकडे येणारा उतार ८०ला १ याहून तीव्र असेल तर येणाऱ्या गाडीला झेलायला कॅच सायडिंग, स्टेशनपासून खाली जाणारा उतार १००ला १ याहून तीव्र असेल तर निसटणाऱ्या वाघिणींसाठी स्लिप सायडिंग. बोर आणि थळ या दोन्ही घाटांत उतार ३७ला १. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना डाव्या-उजव्या खिडकीतून एक रूळ अचानक फुटून डोंगराच्या अंगावर चढत गेलेला आणि वाळूत, झुडपांत संपलेला दिसतो. ती कॅच सायडिंग. सांधा नेहमी तिच्याकडेच लागलेला असतो. उतरणारी गाडी आली की आधी थांबते, ब्रेक आपल्या ताब्यात आहेत हे दाखवते, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ताब्यात नसलेली गाडी थांबणार नाही, म्हणून सांधा वळणार नाही, म्हणून ती चढाच्या रुळावर जाऊन वाळूत रुतेल. कुणी काही विसरलं तरी हेच होईल.

याच उतरणीवर मंकी हिलला गाडी उभी राहते. फलाट नाही, कुणी उतरत नाही, चढत नाही; चिक्की विकणारासुद्धा नाही. खिडकीपाशी बसलेले गृहस्थ घड्याळ पाहून म्हणतात, ‘‘इथे कशाला थांबवतात कोण जाणे.’’ माकडं डब्याच्या दाराशी येतात. कुठेतरी खट्ट होतं, आणि गाडी निघते.